ओवाळून टाकलेला तुकडा

त्या गाडीत आम्ही पाच जण होतो. गाडी चालवायला माझा मुलगा महेश. त्याच्या बाजूला माझी सून स्नेहल, कोलाडची. मागे दोन खुर्च्यांत बांधलेली जुळी पोरां, आर्या आणि ईशान, अडीच वर्षांची. दोघांच्या मधल्या फटीत मी, सत्तरी उलटलेली. पुढे जंगलात भेटली ती ग्रेस, झाडलोट करणारी बाई, आणि एक गार्ड. आणि एक माकडीण, पोटाला पिल्लू धरलेली. झाली सगळी माणसां.

मी तिसरी शिकलेली. बचत गटात सह्या करता करता परत अक्षर गिरवलं, म्हणून हे लिहिते. आमचं गाव निडीच्या आतल्या अंगाला. हापशीवर बाया रोज विचारतात, "काय पाहिलंस गो आफ्रिकेत?" रोज किती सांगायचं? एकदा लिहिलं की झालं.

महेश रोह्याला कंपनीत शिफ्ट करायचा, तिथून जोहान्सबर्गला गेला. पोरां तिकडेच झाली. मी त्यांना फोनमधेच पाहिलेली. ऐन लावणीत त्याने मला बोलावलं. मी बोलली, "लावणी टाकून कशी येऊ?" तो बोलला, "आये, तुझे गुडघे आता चिखलातून निघत नाय. लावणी तुझ्यावाचून होईल. पोरां काय थांबणार नाय, मोठी होतील." मग गेली. विमानाचं सांगत नाय. बसायचं आणि पाय सुजवायचे, एवढंच.

पहिला दिवस

तिकडे लोक सुट्टी काढून आपली आपण गाडी घेऊन जंगल बघायला जातात. ड्रायव्हर नाय, वाट दाखवणारा नाय. पहाटे निघालो. ईशान रडायला लागला तर मी त्याचा पट्टा सोडायला गेली, बोलली मांडीवर घेते. स्नेहल मागे वळली. "अहो आई, सोडू नका. कायदा आहे इथे."

"रडतोय गो."

"रडू दे. रडणारं पोर दणकट असतं, तुम्हीच सांगितलंत ना फोनवर?"

माझंच बोलणं तिने मला परत दिलं. मी हात मागे घेतला.

गाडी डाव्या बाजूनेच चालते, आपल्यासारखी. पण हॉर्न नाय. पेणपासून गडबपर्यंत जेवढे हॉर्न ऐकते तेवढे तिथे सगळ्या सुट्टीत ऐकले नाय. आपल्याकडे तेव्हा खाचरां भरलेली, आणि तिथे थंडी. गवत सगळं वाळलेलं, होळीनंतर आपला माळ असतो तसं. डोळा जाईल तिथपर्यंत माणूस नाय, बांध नाय. मी मनात बोलली, एवढी जमीन आणि कोणी नांगर लावला नाय.

जंगलाच्या गेटवर कागद दिला. महेशने वाचून सांगितलं. गाडीतून खाली उतरायचं नाय. हात बाहेर काढायचा नाय. सूर्य बुडायच्या आत मुक्कामाच्या कुंपणात यायचं. कुठल्या जनावराला काय खायला घालायचं नाय. मी बोलली, "कशाला घालतोय? आपल्यालाच पुरलं पाहिजे."

पहिला हत्ती भेटला तो रस्त्याच्या मधोमध उभा. महेशने गाडी बंद केली. बराच वेळ तो हलेना. तेवढ्यात आर्या बोलली, "शू." उतरायचं तर नाय. स्नेहलने पायाखालून पिवळं प्लास्टिकचं भांडं काढलं, माझ्या मांडीवर ठेवलं, वर आर्याला बसवलं. समोर हत्तीने पण तेव्हाच सोडली. बंब फुटल्यासारखी. महेश बोलला, "आये, बघ गो कोण जिंकतंय." आम्ही एवढे हसलो की भांडं कलंडलं. माझी साडी भिजली. ईशान एकटाच हसला नाय, तो बोलला, "हत्तीला चड्डी नाय."

मला स्वतःला दिवसभर धरायची सवय. लावणीला आडोसा नसतो, चहूकडे गडीमाणसां. बाया सकाळी पाणीच कमी पितात. ती सवय तिथे कामाला आली. पण चांगली सवय नव्हे ती. माझ्या पोटाचं दुखणं त्यातूनच झालं. कोणी शिकू नये.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलो. गोल झोपड्या, वर गवत शाकारलेलं. मी हात लावून बघितलं. शाकारणी चांगली होती, आपल्या पेंढ्यापेक्षा जाड. महेशला बोलली, "एवढ्या लांब आणलंस आणि परत झोपडीतच ठेवलंस?" आमच्या घरावर कौलं चढली तेव्हा तो पाचवीत होता. त्याच्या आधी आम्ही गवताखालीच. तो बोलला, "आये, ह्या झोपडीत फ्रिज आहे." तो मात्र होता, बाहेर पडवीत. चूल पण पडवीतच, विजेची.

मी तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या. मग जे आपण करतो तेच केलं. आपल्याकडे लेकरू लांबून आलं, नदी ओलांडून आलं, की त्याला दारातच थांबवतात. भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळायचं आणि बाहेर टाकायचं. वाटेत जे काय लागलं असेल ते तुकड्याबरोबर जातं. ही पोरां तर हत्तीच्या पुढ्यातून आलेली. मी दोघांना उंबऱ्यावर उभं केलं, ओवाळलं, एक तुकडा उजवीकडे टाकला, एक डावीकडे.

महेशने बघितलं. "आये, गेटवर काय वाचलं मी?"

"मी खायला कुठे घातलं? ओवाळून टाकलं. ते काय अन्न राहत नाय."

तो हसला आणि आत गेला. आईला कोण शिकवणार.

दुसरा दिवस

सकाळी तुकडे नव्हते. मला बरं वाटलं. तुकडा लवकर गेला तर दृष्ट लवकर गेली असं समजतात.

ग्रेस झाडायला आली. माझ्या मुलीच्या वयाची, डोक्याला फडकं, हातात गवताची केरसुणी. ती मला गोगो बोलायला लागली. तिकडे म्हातारीला गोगो बोलतात. मी स्नेहलला बोलली, "आमच्यात एक गो पुरे होतो, हिने दोन लावले." तिने ते ग्रेसला सांगितलं, तर ती केरसुणीवर रेलून हसली.

मी वाल भिजवून मोड आणून बरोबर नेले होते. महेशच्या तिकडच्या गुजराती दुकानात मिळाले, पण ते आपले कडवे वाल नव्हेत, नुसते दिसायला वाल. पडवीत बसून सोलत होती. आर्याला आणि ईशानला मूठमूठ दिले. दाबला की दाणा सुळकन उडतो, ते त्यांना एवढं आवडलं की अर्धे वाल आंगणात. ग्रेस पण सोलायला बसली. भाषा नाय, पण हात चालत होते. दुपारी तिने तिचा डबा उघडला. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि कसलीतरी पालेभाजी, आपल्या माठासारखी. मला दिली. उकडीत मीठ नव्हतं, पण भाजीबरोबर गोड लागली. मी तिला बिरडं दिलं. तिने खाल्लं आणि परत हात पुढे केला. सांगायचं काय राहिलं?

त्या दिवशी गाडीतून रानरेडे बघितले. आर्याने काचेच्या फटीतून आपला बूट खाली टाकला. लाल बूट, रेड्यांच्या पायाजवळ. उतरायचं नाय. महेश बोलला, "राहू दे, त्यांना एक पायाला होईल." तो बूट अजून तिथेच असेल.

संध्याकाळी परत आलो, परत ओवाळलं, परत टाकलं. आणि तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिली. आमच्या झोपडीच्या मागे ठेंगणी भिंत होती, त्याच्यावर बसलेली. आपल्या वानरासारखी नाय ती. मोठी, तोंड कुत्र्यासारखं लांब, उजवा कान फाटलेला. पोटाला पिल्लू चिकटलेलं, काळं, एवढंसं. ती उतरली, एक तुकडा उचलला, भिंतीवर बसून खाल्ला. पिल्लाने तिच्या तोंडातला कण काढून घेतला.

ईशान नाचायला लागला. "आजी, बाळ! बाळ भाकली खातो!"

मला वाईट वाटलं असं खोटं लिहीत नाय. मला चांगलंच वाटलं. मी बोलली, "खा गो बाय. लेकुरवाळी हाईस."

तिसरा दिवस

तिसऱ्या संध्याकाळी ती आमच्या आधीच येऊन बसली होती. मी पोरांना उंबऱ्यावर उभं केलं, ताटात अख्खी भाकरी होती, तुकडा मोडायला हात घातला. ती वाट बघत थांबली नाय. भिंतीवरून पडवीत आली, माझ्या हातातलं ताट ओढलं. ताट पायरीवर आपटलं. आर्या घाबरून मागे सरली ती पडली, पायरीची कड कपाळाला लागली. माकडीण भाकरी घेऊन गेली. पोराला तिने नख लावलं नाय, हे मी शपथेवर सांगते.

स्नेहल किंचाळत बाहेर आली. आर्याच्या कपाळाला टेंगूळ, थोडं रक्त. ग्रेस धावली, पाठोपाठ गार्ड आला. उंच माणूस, हळू बोलणारा. त्याने खाली पडलेले तुकडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. किती दिवस घालताय, असं विचारलं. स्नेहल मधे उभी राहून दोघांचं बोलणं सांगत होती.

मी बोलली, "त्याला सांग, मी घालत नव्हती. पोरांवरून ओवाळून टाकत होती."

तिने सांगितलं. त्याने वाकून एक तुकडा उचलला. मग बोलला, "तुम्हाला ते ओवाळलेलं होतं. तिला ती भाकरीच."



मग त्याने जे सांगितलं ते ऐका. तिथलं माकड एकदा माणसाच्या हातचं खायला शिकलं की ते झोपडीत शिरतं, हातातलं ओढतं, पोरांच्या अंगावर येतं. मग त्याला गोळी घालावी लागते. दुसरा उपाय राहत नाय. ह्या फाटक्या कानाचीला तो ओळखत होता. आजवर ती नदीवर, बाकीच्यांबरोबर असायची. तो बोलला, आजचं मी लिहून ठेवणार. ती परत माणसाच्या अंगावर पडवीत आली, तर माझ्या हातात नाय.

मी विचारलं, "आणि पिल्लू?"

ग्रेसने मान हलवली. ते अजून दूध पितं, बोलली.

स्नेहलने आर्याच्या कपाळाला बर्फ लावला. आत गेली आणि बॅगा भरायला लागली. महेश बोलला, "आये, दुसऱ्या ठिकाणी जाऊ. पोरांना इथे ठेवणं बरं नाय."

मी ग्रेसकडे बघितलं आणि महेशला तिला विचारायला लावलं. "आम्ही गेलो तर ती काय करेल?"

ग्रेस बोलली, "उद्या येईल. तुम्ही नसलात तर जे कोणी असतील त्यांच्याकडे. तिला हे दार कळलं आता."

मग मी स्नेहलच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मी सुनेपुढे हात कधी जोडले नाय, तेव्हा पण जोडले नाय. नुसती बोलली, "चूक माझी हाय. मीच तिला बोलावलं, मीच हाकलीन. मला उद्याचा दिवस दे. तुम्ही पोरांना घेऊन गाडीत जा, लांब फिरून या. मी इथे राहते."

"आणि तुम्हाला चावली तर?"

"माझं काय राहिलंय चावायला?"

ती हसली नाय. पण बॅगेची चेन तिने लावली नाय.

चौथा दिवस

गार्डने ग्रेसला सांगितलं होतं तसं तिने मला खुणेनं दाखवलं. दगड मारायचा नाय. दात दाखवायचे नाय. आवाज करायचा, पाणी फेकायचं, अंगावर जायचं, मागे हटायचं नाय. मला हे नवीन नव्हतं. पोरवयात मी वालाची राखण केलीय, वानरां हाकललीत, रानडुकरां हाकललीत. रिकामा डबा घेतला, तो बडवायला भाजीचा डाव घेतला, बादली भरून ठेवली. ग्रेसने केरसुणी घेतली. सगळं अन्न फ्रिजमधे, फ्रिजला कुलूप. आंगणातला वाल दाणा दाणा वेचला.

ती दुपारी आली. भिंतीवर बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. कशी बघते सांगू? ओळखीचं बघते. जशी शेजारीण दारात येऊन बसते, काय केलंस गो आज, अशी. पिल्लाने पोटाखालून तोंड काढलं.

माझा हात उचलेना.

महेश वर्षाचा होता तेव्हाची गोष्ट. त्याचा बाप वीटभट्टीवर पाय मोडून घरात पडलेला. कापणी झाली की शेतात गळलेल्या लोंब्या राहतात, त्याला सरवा बोलतात. तो वेचायला मी शेजारच्या गावात जायची, महेश कडेवर. एका खाचराच्या मालकिणीने पहिल्या दिवशी मला भाकरी दिली, वर सुका जवळा. दुसऱ्या दिवशी पण दिली. तिसऱ्या दिवशी मी लवकरच गेली, भाकरीच्या आशेने, खोटं कशाला बोलू. तिच्याकडे पाहुणे होते. ती काठी घेऊन आली आणि मला बांधावरून हाकललं, महेशसकट. काठी लागली नाय. मला काठीचा राग आला नाय. पहिल्या दिवशीच्या भाकरीचा आला. ती दिली नसती तर मी लोंब्या वेचून गप घरी गेली असती.

आता ती मालकीण मी होती.

ग्रेसने माझ्या पाठीला हात लावला. "गोगो," एवढंच बोलली.

मी डबा उचलला आणि बडवला. तोंडाने जेवढं येत होतं तेवढं ओरडली. "हाऽऽऽ! हुऽऽऽ! जा गो जा! जा तुझ्या माणसांत!" ती दचकली, पण गेली नाय. तिला वाटलं असेल, काहीतरी गफलत झाली. दोन पावलं पुढे आली. मी सरळ तिच्या अंगावर गेली, गुडघे कसले दुखतात ते कळलं नाय, आणि बादली तिच्यावर ओतली. थंडीचं पाणी. पिल्लू चीं करून ओरडलं. तिने त्याला एका हाताने पोटाशी दाबलं आणि भिंतीवरून पलीकडे गेली.

मी पायरीवर बसली. ग्रेसने मला पाणी दिलं. मी रडली नाय. रडायला बसली असती तर ती परत आली तेव्हा उठता आलं नसतं.

आणि ती आली. घटकाभरात परत. मग परत. तीन वेळा आली, तीन वेळा मी डबा बडवला. तिसऱ्या वेळी ती भिंतीवर चढली नाय, पलीकडच्या झाडाखालीच बसली, ओले केस चाटत.

संध्याकाळी गाडी आली. स्नेहलने आधी माझे हात बघितले, मग पाय, मग विचारलं, "जेवलात?"

"कुठे जेवते? फ्रिजची चावी तुझ्या पर्समधे."

तेव्हा हसली. आर्या पडल्यापासून पहिल्यांदा हसली.

पाचवा दिवस

दुसऱ्या दिवशी कोणी कुठे गेलं नाय. स्नेहल बोलली, आज आम्ही पण थांबतो. आर्याच्या कपाळाचं टेंगूळ उतरलं होतं, भीती उतरली नव्हती. ती माझा पदर सोडत नव्हती.

माकडीण सकाळी आली, भिंतीवर. ईशानच्या हातात बिस्कीट. त्याने हात लांब केला. "घे, बाळाला."

मी त्याचा हात धरला. "नाय रे राजा. तू खा."

"बाळाला भूक."

"त्याच्या आईला माहीत हाय कुठे काय मिळतं. आपण दिलं तर तो काका तिला मारेल."

ते त्याला काय कळलं मला माहीत नाय. त्याने अख्खं बिस्कीट एकदम तोंडात कोंबलं, गाल फुगले, आणि रिकामे दोन्ही हात तिला दाखवले. मी डबा बडवला. आर्याने माझा पदर सोडला, डाव मागितला, आणि माझ्यापेक्षा जोरात ओरडली, "जा गो जा!" महेश, स्नेहल, सगळे ओरडलो. बाजूच्या झोपडीतले गोरे म्हातारा-म्हातारी उठून उभे राहिले, त्यांना वाटलं ह्यांची काय पूजा चाललीय.

ती गेली. दुपारी लांबून दिसली, पाण्याच्या कडेला, बाकीच्यांबरोबर गवताची मुळं उकरताना. आमच्याकडे पाठ करून. मला तिची पाठ बघून जेवढं बरं वाटलं तेवढं वाईट पण वाटलं. दोन्ही एकदम. कसं ते मला लिहिता येत नाय.

संध्याकाळी मी ओवाळायचं टाळलं होतं. स्नेहलच बोलली, "आई, आज नाही करणार? उद्या परत एवढी वाट आहे." तिनेच पोरांना उभं केलं, दार लावून आतल्या बाजूला. मी तुकडा मोडला, दोघांवरून ओवाळला. आणि हातातच राहिला. टाकायचा कुठे?

मी तो तोंडात टाकला.

"अहो आई! ती नजर तुम्हाला लागेल."

"लागू दे गो. ह्या पोटात बरंच काय काय पचलंय."

आल्यावर

मी गावी परत आली तोवर भाताची काप चालू झाली होती. आठ दिवसांपूर्वी ग्रेसचा निरोप स्नेहलच्या फोनवर आला, तो तिने मला कळवला. ती फाटक्या कानाची जिवंत हाय. पिल्लू आता पाठीवर बसतं. पण आमच्या त्या झोपडीच्या भिंतीवर मधे एकदा येऊन बसली होती, गार्डने हाकलली. म्हणजे ती विसरलेली नाय. त्या झोपडीत आता दुसरं कोणी उतरलेलं असेल, त्यांच्याबरोबर पण पोरां असतील.

हे वाचणाऱ्यांतली कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी सून उद्या तिकडे जाईल. पोरां सांभाळायला म्हणून तुम्हाला पण नेतील. माझी एवढीच विनंती हाय. लेकरांवरून तुकडा ओवाळा, जरूर ओवाळा. पण बाहेर टाकू नका. आपल्याच तोंडात घाला.